‘आणि’ व ‘म्हणून’

वर्गात उभयान्वयी अव्यये शिकवताना मी नेहमी सांगतो, की ‘आणि’ हे मोठे भाबडे अव्यय आहे. ते दोन वाक्ये शेजारी बसवते, पण त्यांची सोयरीक जुळवीत नाही. ते काम ‘म्हणून’चे. हा भेद मी वीस वर्षे शिकवला. मला स्वतःला कळला तो मात्र गेल्या दिवाळीनंतर.

समर्थनगरात आमचे मामा राहतात. वय एकाहत्तर. रात्री जेवणानंतर कोलेस्टेरॉलची गोळी घेण्याचा दहा वर्षांचा नेम. भाऊबीजेला आईकडून ओवाळून घ्यायला ते आमच्याकडे आले. फराळ चालू असता मी मोठ्याने एका बातमीचा मथळा वाचला : या गोळ्यांचा कर्करोगाशी संबंध? पुढचा मजकूर वाचण्याआधी चहा आला. मामा चकली मोडता मोडता थांबले, बोलले काही नाहीत. आमच्या शहरात शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. मराठवाडाभरातून रोगी तिथे येतात. तो शब्द आम्हांला दूरचा नाही.

चैत्रात मामांच्या छातीत कळ आली. डॉक्टरांनी विचारले, “गोळी चालू आहे ना?”

“दिवाळीपासून सोडली,” मामा म्हणाले. “आमच्या प्राध्यापक भाच्यानेच वाचून दाखवलं होतं.”

मामा सुखरूप घरी आले. मी मात्र खजील होऊन त्या मथळ्याच्या मागचा इतिहास वाचायला बसलो.

टोकियोच्या सांक्यो कंपनीतील अकिरा एन्दो यांनी सुमारे सहा हजार बुरशा तपासल्या. अखेर १९७३ साली हवे ते द्रव्य सापडले. ती बुरशी क्योटोच्या एका धान्यदुकानातल्या तांदळावरची. आपल्या मोंढ्यात असते तसलेच दुकान! पण फार मोठी मात्रा दिलेल्या कुत्र्यांच्या आतड्यांत कर्करोगासारखे काही दिसले असा संशय आला आणि १९८० साली चाचण्या थांबल्या. ती कुणकुण लागताच अमेरिकेतील मर्क कंपनीनेही आपल्या तशाच औषधाच्या चाचण्या थांबवल्या. पुन्हा तपास होऊन ते औषध १९८७ साली तिथे बाजारात आले.

संशय मात्र गेला नाही. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत गोळी घेणाऱ्या बारा स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाला, न घेणाऱ्यांत एकीलाच. केवढा घबराटीचा आकडा! पण पुढच्या चाचण्यांत तो पुन्हा दिसला नाही. मग वारे फिरले. २००५ साली इस्राएलमधील एका पाहणीत ही गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत मोठ्या आतड्याचा कर्करोग जवळजवळ निम्म्याने कमी आढळला. लगेच गोळी अमृत ठरू लागली!

दोन्हीकडे ‘आणि’च्या जागी ‘म्हणून’ घुसले होते. बारा हा आकडा लहान. तेवढ्यात योगायोगही खेळ करतो. आणि वर्षानुवर्षे नेमाने गोळी घेणारा माणूस बहुधा इतर पथ्येही पाळतो, वेळेवर तपासण्या करून घेतो. श्रेय गोळीचे की त्या नेमाचे?

यावर उपाय एकच. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी माणसांची वाटणी करायची आणि काही वर्षे वाट पाहायची. अशा सत्तावीस चाचण्यांतील सुमारे पावणेदोन लाख माणसांचा हिशेब २०१२ साली एकत्र मांडला गेला. सुमारे पाच वर्षांच्या त्या काळात गोळीने कर्करोग वाढला नाही, घटलाही नाही. २०१७ साली ब्रिटनमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ८४६ रोग्यांवरील चाचणीचा निकाल आला. उपचारांना या गोळीची जोड देऊन आयुष्य वाढले नाही. स्तनाच्या कर्करोगासाठी अशा चाचण्या अजून हाती घेतल्या जात आहेत. त्यांचे उत्तर येईल तेव्हा येईल. तोवर ही गोळी हृदयासाठी आहे, आणि ती सुरू करणे वा सोडणे हे डॉक्टरांना विचारून.

आता मामांचे. त्यांनी गोळी सोडली आणि छातीत कळ आली. इथे ‘म्हणून’ लिहावे काय? एका माणसावरून ते लिहिता येणार नाही, हे मीच आता शिकलो आहे. तेवढ्याने सुटका मात्र होत नाही. कारण दुसरे एक वाक्य आहे, आणि त्याला साक्षात मामांची साक्ष आहे : मी नुसता मथळा वाचला, म्हणून मामांनी गोळी सोडली.

यंदा भाऊबीजेला मामा येतील तेव्हा वर्तमानपत्र मी मुकाट्याने, शेवटच्या ओळीपर्यंत वाचणार आहे. चहा गार झाला तरी बेहत्तर.