थांबलेल्या तासांचा हिशेब

रोजा आणि रोजंदारी हे शब्द एकाच घरातले. फारसीत ‘रोज’ म्हणजे दिवस. दिवसभराचा उपवास तो रोजा, दिवसभराच्या कामाचा मोबदला ती रोजंदारी, आणि त्यावर चालणारे पोट ती रोजी. मराठीने हे शब्द कधीच आपले केले; शेतावर गडी सांगणाऱ्याला ते परके वाटत नाहीत. दोन्हींचे माप दिवस हेच. रोजा पहाटे सुरू होतो आणि सूर्य मावळला की सुटतो. रोजाने आलेला गडीही दिवस कलला की हातपाय धुऊन घरी जातो. गेल्या काही वर्षांत मात्र कामाचा असा एक प्रकार वाढला आहे, ज्याला ना सकाळ आहे ना संध्याकाळ. त्याला फ्रीलान्स म्हणतात.

हा शब्द ऐकला की पुण्यातले कॉफीचे दुकान डोळ्यांपुढे येते, लोणी भापकर येत नाही. बारामती तालुक्याच्या पश्चिम भागातल्या या गावाची ओळख मल्लिकार्जुनाचे जुने मंदिर, तिथली पुष्करणी आणि पावसाकडे डोळे लावून बसणारे जिराईत शिवार अशी आहे. बारामती म्हटले की बाहेरच्या माणसाला कालवा आणि ऊस आठवतो. तालुक्याचा हा पट्टा त्या चित्रात बसत नाही. पण जिथे शेती वर्षभर काम देत नाही आणि एमआयडीसीतली नोकरी सगळ्यांना मिळत नाही, तिथेच पदवी घेतलेली मुले-मुली अशा कामाकडे वळतात. कोणी लग्नपत्रिका आणि फ्लेक्सचे डिझाइन करते, कोणी व्हिडिओ कापून-जोडून देते, कोणी टायपिंग, कोणी भाषांतर, कोणी परगावच्या व्यापाऱ्याचे हिशेब लिहिते. काम देणारा पुण्यात, मुंबईत, कधी दुबईत. मोबदला कामागणिक.

आपल्याकडे याला जुना शब्द आहे: उक्ते काम. विहिरीचे खोदकाम उक्ते देतात, भिंतीचे प्लास्टर उक्ते देतात. रोजंदारी आणि उक्ते यांतला फरक खेड्यात कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. वीज गेली, मोटार बंद पडली आणि पाणी धरायला आलेला गडी बाभळीखाली दोन तास बसून राहिला, तरी संध्याकाळी त्याचा रोज द्यावाच लागतो. थांबण्याचा खर्च मालकाचा. उक्त्या कामात तोच खर्च करणाऱ्याच्या अंगावर येतो. फ्रीलान्सच्या सगळ्या कटकटींचे मूळ या एका गोष्टीत आहे.

हे मूळ सोडून चर्चा भलतीकडेच चालते. स्वतंत्र काम करणाऱ्याला मिळणारे सल्ले सगळ्यांना पाठ झाले आहेत: पहाटे पाचला उठा, फोन दूर ठेवा, दिवसाचे तक्ते आखा, तासाचे तुकडे पाडा. (रमजानमध्ये रोजेदार सहरीसाठी साडेचारलाच उठलेला असतो. पहाटे उठण्यानेच भागले असते, तर या महिन्यात निम्मी वस्ती लखपती व्हायला हवी होती.) या सल्ल्यांत गृहीत असे असते की काम रेंगाळते ते माणसाच्या आळसामुळे. रमजानबद्दलही असेच सहज बोलले जाते: उपाशी माणूस काय काम करणार?

या प्रश्नाचा अभ्यास झालेला आहे. फिलिप कँपांते आणि डेव्हिड यानागिझावा-ड्रॉट या अर्थशास्त्रज्ञांनी २०१५ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. इस्लामी महिने चंद्रावर चालतात, त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि वेगवेगळ्या देशांत रोजा कमी-जास्त तासांचा होतो. त्या फरकाचा आधार घेऊन त्यांनी मुस्लिम देशांचे आकडे तपासले. जिथे रोजा लांब, तिथे उत्पादनाची वाढ मंदावलेली आढळली. पण लोक स्वतःला अधिक समाधानी सांगत होते. महत्त्वाचे पुढे आहे. या मंदीचे मुख्य कारण उपाशी माणसाचा हात ढिला पडतो हे नव्हे, तर कामाला आयुष्यात किती जागा द्यायची याबद्दलचे त्याचे मत बदलते, असा पुरावा त्यांना दिसला. म्हणजे माणूस दमून कमी करत नाही, ठरवून कमी करतो. पण ठरवायला आधी तशी मोकळीक लागते. संयुक्त अरब अमिरातीत रमजानमध्ये खासगी नोकरदारांचे कामाचे तास कायद्यानेच रोज दोनने कमी होतात, मग कर्मचारी कोणत्याही धर्माचा असो. उक्त्या कामाला अशी सवलत कोण देणार?

बारामती शहरात घरपोच जेवण पोचवणाऱ्या मुलांची संध्याकाळ पाहिली तर हे लगेच कळते. या दिवसांत इफ्तार साडेसहा-पावणेसातला. त्यानंतर मगरीबची नमाज, मग इशा आणि तरावीह. नेमके याच वेळेत रात्रीच्या जेवणाच्या ऑर्डरींची गर्दी सुरू होते, आणि ॲपचा जादा पैसा, ज्याला ते इन्सेन्टिव्ह म्हणतात, तो बहुधा याच तासांना बांधलेला असतो. रोजा सोडायला अर्धा तास ॲप बंद केले तर त्या अर्ध्या तासाचे पैसे जातातच, शिवाय ठरलेली संख्या हुकली तर दिवसभराचा जादा पैसाही जाऊ शकतो. नवरात्रात उपवास करणाऱ्या, आषाढीला पंढरीच्या वाटेवर दोन दिवस चालू इच्छिणाऱ्या मुलाचीही हीच अडचण आहे. सुट्टी कोणी नाकारत नाही. फक्त तिची किंमत आधीच कापून ठेवलेली असते.

बारामती-इंदापूरच्या लोकांना हा हिशेब नवा वाटू नये. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचे छत्रपती या कारखान्यांच्या भागात हंगामात मराठवाड्यातून ऊसतोड जोडपी येतात. मुकादमाकडून घेतलेली उचल अंगावर, मजुरी टनावर. गाडी आली नाही, कारखाना बंद पडला, अवकाळी झाला, की फडातले थांबणे त्यांच्या पदरी. आजारी पडून एक दिवस बुडाला तर ‘खाडा’ म्हणून वर दंड. त्या फडात आणि मोबाइलच्या पडद्यात अंतर खूप आहे. उचलीचा फास तर फ्रीलान्सरच्या गळ्यात नाहीच, आणि दोघांना एका पंगतीत बसवणे तोडणीवाल्यांवर अन्याय होईल. पण थांबल्याचा पैसा नाही, हा नियम दोन्हीकडे सारखा.

घरून काम करणाऱ्याचे थांबणे तर दिसतही नाही. समजा, एका भाषांतराचे सहा हजार रुपये ठरले. लिहायला बारा तास लागले, म्हणजे तासाला पाचशे. ऐकायला बरे वाटते. आता बाकीचे मोजा. फाइल उघडेना म्हणून गेलेला तास. वस्तीवरची वीज गेल्यावर वाट पाहिलेले दोन तास. रेंजसाठी गच्चीवर चढून फाइल चढवण्यातला अर्धा तास. ‘जरा एवढे बदला’ असे तीनदा सांगून करून घेतलेल्या दुरुस्त्या. आणि काम दिल्यानंतरचे फोन:

“सर, बिलाचं बघताय ना?”

“हो हो, अकाउंटला दिलंय. पुढच्या आठवड्यात होऊन जाईल.”

हे सगळे मिळून आणखी बारा तास झाले, तर पाचशेचे अडीचशे झाले. त्यातला निम्मा वेळ तिच्या वहीत कुठेच नोंदलेला नसतो. ‘तिच्या’ म्हणायचे कारण असे की घरून काम करणाऱ्या बाईच्या वाट्याला यात आणखी एक वाक्य येते: घरीच तर असतेस. सहरीची भाकरी, इफ्तारची भजी, मधल्या वेळेत सासूबाईंना दवाखान्यात नेणे हे सारे त्या ‘घरीच’मध्ये बसते. गणपतीत आणि दिवाळीत शेजारच्या घरातही हेच वाक्य ऐकू येते.

वायदा, बाकी, वसुली, तगादा हे शब्दही त्या जुन्या घरातलेच. उर्दूत ‘तकाजा’ म्हणजे मागणी, निकड. मराठीत त्याचा ‘तगादा’ झाला आणि त्याला थोडी लाज चिकटली. स्वतःचेच पैसे मागणारा माणूस तगादेखोर ठरतो, थकवणारा मात्र ‘साहेब’च राहतो. मजुराचा घाम वाळण्याआधी मजुरी द्यावी, ही इस्लामी परंपरेतली शिकवण या महिन्यात मशिदींतून हमखास सांगितली जाते. ती ऐकणाऱ्यांत दुकानदार, छापखानेवाले, शाळा चालवणारेही असतात.

सरकारी पातळीवर काही हालचाल झाली आहे. नीती आयोगाने २०२२ च्या अहवालात देशात २०२०-२१ मध्ये ७७ लाख गिग कामगार असल्याचा अंदाज दिला आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील असे म्हटले. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० साली मंजूर झाली होती. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात गिग कामगार आणि प्लॅटफॉर्म कामगार यांची व्याख्या पहिल्यांदा कायद्यात आली. ॲप चालवणाऱ्या कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम कामगारांच्या निधीत द्यायची आहे. कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्के ही तिची कमाल मर्यादा. डिसेंबरअखेर आलेल्या मसुदा नियमांत लाभासाठी वर्षात एका कंपनीकडे ९० दिवस किंवा अनेक कंपन्यांकडे मिळून १२० दिवस काम अशी अट होती. ३१ डिसेंबरला ॲपवरच्या कामगारांनी संप पुकारला आणि जानेवारीत केंद्रीय कामगारमंत्र्यांच्या मध्यस्थीनंतर ‘दहा मिनिटांत घरपोच’ हा दावा जाहिरातींतून मागे पडू लागला. ही छोटी गोष्ट नाही.

पण अपघात आणि आजारपण यांची सोय करणारा हा निधी थांबलेल्या तासाला हात लावत नाही. किमान वेतनाचा हक्कही या कामगारांपर्यंत पोचलेला नाही. दुसरे असे की निधीत पैसे भरायचे ते ॲपवाल्या कंपनीने. संहितेच्या यादीत व्यावसायिक सेवा आणि मजकूर-माध्यमांची ॲपेही आहेत, हे चांगले. मात्र लोणी भापकरमधून व्हॉट्सॲपवर फाइल पाठवणाऱ्या मुलीच्या मागे अशी कंपनीच नाही. तिचे पाच गिऱ्हाईक पाच ठिकाणी. व्याख्येत ती बसेलही, पण तिच्या नावाने निधीत रुपया टाकणारा कोणी नाही.

अनेक मालक आणि पक्का कोणीच नाही, या कोड्याचे उत्तर महाराष्ट्राने एकदा काढले होते. हमालाचा मालक कोण? आज हा व्यापारी, उद्या तो. अण्णासाहेब पाटील यांनी मुंबईत माथाडी कामगार संघटित केले, पुण्यात बाबा आढाव यांनी हमाल पंचायत उभी केली, आणि १९६९ साली राज्याने माथाडी कायदा केला. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरायची. मंडळाने हमालाला पगार, भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजेचे पैसे द्यायचे. मालक बदलत राहिले, पगाराची जागा एक झाली. तगादा हमालाने करायचा नाही, मंडळाने करायचा. या मंडळांच्या कारभारावर पुढे बरेच आरोप झाले आणि त्यातले काही अगदी पोकळ नव्हते. तरी मूळ कल्पना आजही ॲपवाल्या कायद्यापेक्षा पुढे आहे. पाठीवरच्या पोत्यासाठी जे सुचले ते लॅपटॉपवरच्या कामासाठी सुचायला सत्तावन्न वर्षे पुरत नाहीत, हे नवल आहे.

तोवर हातात एक हत्यार आहे आणि ते फारसे कोणी वापरत नाही. उद्यम नोंदणी विनामूल्य आहे. डिझाइन, भाषांतर, संगणकाचे काम अशी सेवा देणारी एकटी व्यक्तीही सूक्ष्म उद्योग म्हणून नाव नोंदवू शकते. एकदा नोंद झाली की २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायदा लागू होतो: लेखी करार नसेल तर पंधरा दिवसांत आणि असेल तरी जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत पैसे दिलेच पाहिजेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. तक्रार ऑनलाइन करता येते आणि ती राज्याच्या सुविधा परिषदेकडे जाते. निकाल वेळेत लागतोच असे नाही, आणि गिऱ्हाईक तुटेल या भीतीने बहुतेक जण तिथवर जातच नाहीत. पण बिलावर उद्यम क्रमांक आणि देय तारीख छापलेली असली तर समोरच्या हिशेबनीसाचा सूर बदलतो. कारण आयकराच्या नियमाप्रमाणे मुदतीत न दिलेले असे बिल त्या वर्षाच्या खर्चात धरता येत नाही. जेव्हा पैसे दिले, तेव्हाच ते धरले जाते.

त्यामुळे थकलेली बिले ३१ मार्चच्या तोंडावर भराभर निघतात. यंदा ईद त्याच्या दहा-अकरा दिवस आधी येते आहे. मुलांचे कपडे, शिरखुर्म्याचे सामान, फित्रा हे सगळे त्या दहा दिवसांपूर्वी करायचे असते. ज्यांना कोणाला कामाचे पैसे द्यायचे आहेत त्यांनी ते वीस मार्चच्या आधी दिले तर आयकर खात्याची काही हरकत नाही.