लाहीचे मर्म दाण्यात आहे

शासकीय कृषिपत्रिकेने चित्रपटगृहातील मक्याच्या लाह्यांविषयी लिहावे, हे काही वाचकांस विचित्र वाटेल. परंतु ज्या धान्याचे मोल ते फुटताच कित्येक पटींनी वाढते, त्याचा विचार शेतकऱ्याने व गृहिणीने करावयाचा नाही, तर कोणी करावयाचा?

वसई-विरार परिसरात चित्रपट पाहावयास जाणाऱ्या कुटुंबास तिकिटांच्या जोडीने लाह्यांचाही खर्च जाणवतो. बाहेरील खाद्यपदार्थ आत आणण्यास मनाई करण्याचा चित्रपटगृहचालकांचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये मान्य केला. पिण्याचे पाणी मात्र विनामूल्य मिळाले पाहिजे, असेही सांगितले. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेर येथील वस्तू व सेवा कर परिषदेच्या बैठकीनंतर सुट्या खाऱ्या लाह्यांवर ५ टक्के, वेष्टनबंद लाह्यांवर १२ टक्के व साखरेच्या पाकातील लाह्यांवर १८ टक्के असा कराचा खुलासा झाला, तेव्हा त्याची देशभर थट्टा झाली. ह्या वादात पडण्याचे आम्हांस कारण नाही. तोच पदार्थ, त्याच चवीचा, घरच्या चुलीवर होऊ शकतो, एवढेच आमचे म्हणणे आहे.

यावर गृहिणींचे उत्तर ठरलेले असते : “आम्ही करून पाहिले, निम्मे दाणे गणंगच राहिले.” मग दोष भांड्यास दिला जातो, आणि झाकणातून दांडी फिरवून दाणे ढवळावयाचे खास भांडे विकत आणले जाते. ते भांडे सोयीचे आहे. दाणे सतत हलते राहिल्याने करपत नाहीत. तथापि जो दाणा मुळातच बिघडलेला आहे, त्यास कोणतेही भांडे फुलवू शकत नाही.

याचे कारण समजून घेणे अगत्याचे आहे. लाहीच्या मक्याचे टरफल कठीण व अभेद्य असते आणि आतील पिठात सुमारे १३ ते १४ टक्के ओलावा असतो. दाणा सुमारे १८० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापला, की त्या ओलाव्याच्या वाफेचा दाब वातावरणाच्या जवळजवळ नऊपट होतो, टरफल फाटते आणि शिजलेले पीठ क्षणात फुगून बाहेर पडते. ओलावा कमी असेल, तर दाब पुरत नाही; अधिक असेल, तर लाही लहान व चिवट होते; टरफलास चीर असेल, तर वाफ निसटून जाते. सर्व यश ह्या एका गोष्टीवर अवलंबून आहे.

आपल्या आजीबाईंस हे शास्त्र शब्दांत सांगता आले नसते, परंतु हातांस ते ठाऊक होते. नागपंचमीकरिता ज्वारीच्या लाह्या करताना ज्वारी गरम पाण्यात भिजवून, निथळून, रात्रभर फडक्यात बांधून ठेवीत व मगच तापल्या कढईत फोडीत. ती रात्र म्हणजे दाण्यास योग्य ओलावा देण्याचीच क्रिया होय. ज्वारीच्या बाबतीत आपण जी काळजी घेतो, ती मक्याच्या बाबतीत विसरतो, हीच आमची तक्रार आहे.

वसईची हवा समुद्राकाठची. पावसाळ्यात उघड्या पोत्यातील दाणा ओल धरतो आणि उन्हाळ्यात पत्र्याखाली तो कोरडा पडतो. म्हणून दाणे घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावे. परीक्षेकरिता शंभर दाणे मोजून फोडावे व गणंग मोजावे. दहाहून अधिक निघाले, तर उपाय करावा. कोरडेपणा असल्यास पाऊण किलो दाण्यांस एक मोठा चमचा पाणी घालून बरणी बंद करावी व दोन-तीन दिवस अधूनमधून हलवावी. लाही चिवट होत असल्यास दाणे सावलीत पसरून रोज थोडे फोडून पाहावे.

आता कृती. ५० ग्रॅम दाण्यांस तीन लिटरांचे जाड बुडाचे भांडे पुरते. त्यात दीड ते दोन मोठे चमचे खोबरेल घालावे. चित्रपटगृहातील वास बहुतांशी ह्याच तेलाचा असतो. चिमूटभर हळद रंगास पुरे. तेलात तीन दाणे टाकून ते फुटले, की बाकीचे घालावे आणि भांडे अर्धा मिनिट आचेवरून उतरवावे, म्हणजे सर्व दाणे सारखे तापतात. पुन्हा मध्यम आचेवर ठेवून दांडी फिरवीत राहावे. दांडी नसल्यास भांडे हलवावे. झाकण किंचित कलते ठेवून वाफेस वाट द्यावी, अन्यथा लाह्या मऊ पडतात. फुटण्याच्या दोन आवाजांत दोन-तीन सेकंदांचे अंतर पडू लागताच लाह्या परातीत ओताव्या.

मिठाविषयी एक सूचना. खडेमीठ लाहीवर टिकत नाही, तळाशी जाते. म्हणून पाव चहाचा चमचा मीठ अगदी पिठासारखे वाटून घ्यावे. लोण्यात पाणी असते, त्याने लाही भिजते. आपले साजूक तूप ह्या कामी लोण्याहून सरस आहे. खोबरेल व तूप ही दोन्ही जड स्निग्धे असल्याने हा रोजचा आहार नव्हे, हेही ध्यानात असावे. चार वर्षांखालील मुलांस लाह्या मुळीच देऊ नयेत. त्या घशात अडकण्याचे भय असते.

शेतकरी बंधूंसही दोन शब्द. लाहीचा मका ही निराळी जात आहे. चाऱ्याचा किंवा भाजून खावयाचा मका तसा फुलत नाही. अंबर पॉपकॉर्न, पर्ल पॉपकॉर्न असे वाण आपल्या देशात तयार झालेले आहेत. ज्यांस रब्बीत पाण्याची सोय आहे, त्यांनी आधी गिऱ्हाईक पाहून लहानशा तुकड्यावर तो करून पाहावा, इतर मक्यापासून दूर लावावा आणि कणसे कडक उन्हात घाईने वाळवू नयेत. त्याने दाण्यास चिरा जातात. विरार, नालासोपाऱ्याची एवढी मोठी वस्ती दाराशी असता, नीट वाळविलेला व नीट बंद केलेला दाणा महिला बचत गटांनी घरोघर का पोहोचवू नये?

चित्रपट पाहावयास अवश्य जावे. तेथील लाह्याही हौसेने एखादे वेळी खाव्या. परंतु घरी लाही बिघडली, म्हणजे नवे भांडे घेण्यापूर्वी बरणीतील दाणा पाहावा, एवढीच आमची विनंती आहे.