सोंगाची कसोटी : हॅलोवीन, वीर आणि बोहाडा

ऑक्टोबरच्या अखेरीस नाशिकमधील काही शाळा, सोसायट्या आणि हॉटेले हॅलोवीनच्या निमित्ताने कवट्या व कोरलेल्या भोपळ्यांनी सजू लागली, तेव्हापासून या सणावर तीन आक्षेप वारंवार घेतले जातात : तो परका आहे, तो मुलांच्या मनात भुताखेतांविषयी अंधश्रद्धा रुजवतो आणि आपल्याकडे पितृपक्ष असताना त्याची गरजच नाही. या आक्षेपांमागील कळकळ खरी असली, तरी त्यांपैकी एकही तर्कावर टिकत नाही. मात्र ते टिकत नाहीत एवढ्यावरून हॅलोवीनचे आजचे शहरी रूप निर्दोष ठरते, असेही नाही.

परकेपणाचा आक्षेप आधी घ्यावा. ख्रिस्ती पंचांगात १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा आणि २ नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांचा दिवस असून हॅलोवीन ही त्यांतील पहिल्याची पूर्वसंध्या होय. आयर्लंड व स्कॉटलंडमध्ये तिच्यात ‘साउइन’ या, सुगी संपून हिवाळा लागतानाच्या जुन्या केल्टिक सणाच्या समजुती मिसळल्या, आणि त्या रात्री मृतांचा संचार असतो या श्रद्धेतून वेशांतराची चाल पडली, असे मानले जाते. तिथे कंदील कोरले जात ते सलगमचे. एकोणिसाव्या शतकात आयरिश स्थलांतरित मोठ्या संख्येने अमेरिकेत गेले आणि सलगमची जागा तिथल्या भोपळ्याने घेतली. परके ते त्याज्य असा नियम करायचा, तर हा लाल भोपळाही नाकारावा लागेल, कारण तो मूळचा अमेरिका खंडातला असूनही अनेक मराठी घरांत श्राद्धाच्या पानात त्याची भाजी वाढली जाते. आणि मेक्सिकोतील लोक मृतांच्या स्मरणार्थ जो झेंडू वाहतात, तोच तिथून येऊन दसऱ्याच्या तोरणात मानाने बसला आहे. तेव्हा उगम हा निवाड्याचा आधार होऊ शकत नाही.

दुसरा आक्षेप अंधश्रद्धेचा. भुताचा दावा आणि भुताचे सोंग या दोन निराळ्या गोष्टी आहेत. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत भूत उतरवण्याच्या बहाण्याने होणाऱ्या मारहाणीला व छळाला पहिलेच स्थान आहे, कारण तिथे भूत खरे असल्याचे सांगून जिवंत माणसाला इजा केली जाते. पुठ्ठ्याचा मुखवटा स्वतः कापून, रंगवून तोंडावर चढवणाऱ्या आणि घरी आल्यावर खुंटीला अडकवणाऱ्या मुलाला मात्र त्यामागे कोण आहे हे पुरते ठाऊक असते. त्याच्या बाबतीत भीती खेळात उतरते आणि तिची धार बोथट होते.

पितृपक्षाचा आक्षेप सर्वांत वजनदार भासतो, पण त्यात साम्य शोधण्याची घाई आहे. भाद्रपद वद्य पक्षात रामकुंडावर होणारे तर्पण, म्हणजे पितरांना उद्देशून दिलेली जलांजली, पितरांच्या तृप्तीसाठी असते. तिथे पितरांचे सोंग कोणी घेत नाही आणि थट्टामस्करीला तर मुळीच वाव नसतो. दोन्ही प्रसंग मृतांशी निगडित आहेत म्हणून एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही. हॅलोवीनचा खरा नातलग नाशिकमध्ये शोधायचा, तर शरद ऋतू सोडून शिमग्याकडे वळावे लागते.

धुलिवंदनाच्या दिवशी जुन्या नाशकात वीरांची मिरवणूक निघते. वीर म्हणजे घराण्यातील पूजनीय पूर्वज, ज्याचा टाक, म्हणजे धातूच्या पत्र्यावर उठवलेली छोटी प्रतिमा, देव्हाऱ्यात पुजला जातो. घरातील माणूस हा टाक हातात घेऊन वाजतगाजत गोदावरीवर जातो व त्याला स्नान घालतो, आणि देवादिकांच्या वेशात नटलेली मुले बरोबर चालतात. यांतील दाजीबा वीर बाशिंग बांधून निघतो, कारण अंगाला हळद लागलेली असतानाच त्याला मरण आले, अशी आख्यायिका आहे. जिल्ह्याच्या पेठ, सुरगाणा या आदिवासी पट्ट्यात आणि शेजारच्या जव्हार-मोखाड्यात होळीनंतर होणारा बोहाडा ही दुसरी परंपरा. त्यात गणपती, नरसिंह, रावण, त्राटिका अशी सोंगे मुखवटे चढवून संबळाच्या ठेक्यावर रात्रभर नाचतात, आणि अनेक गावांत एखाद्या सोंगाचा मान ठरावीक घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला असतो.

या उदाहरणांतून वेशांतराच्या सणाची कसोटी हाती येते : सोंग कोणाच्या नात्याने घेतले आहे आणि त्या गर्दीची जबाबदारी कोणाकडे आहे. मेक्सिकोत १ व २ नोव्हेंबरला घरोघरी मांडल्या जाणाऱ्या वेदीवर मृताचे छायाचित्र आणि त्याच्या आवडीचे पदार्थ असतात. गोव्यात २ नोव्हेंबरला ख्रिस्ती कुटुंबे आपापल्या माणसांच्या कबरींवर फुले वाहतात व मेणबत्त्या लावतात. याउलट तोक्योच्या शिबुया भागात हॅलोवीन हा निव्वळ रस्त्यावरचा जमाव झाला आणि २०२३ मध्ये तिथल्या महापौरांना लोकांनी येऊ नये असे जाहीर आवाहन करावे लागले. सोलच्या इतेवॉन भागात २९ ऑक्टोबर २०२२ च्या रात्री अरुंद गल्लीतील चेंगराचेंगरीने १५९ जणांचा बळी घेतला. त्या जमावाला कोणी अधिकृत आयोजक नव्हता आणि बंदोबस्तही अपुरा होता. दोष तिथे मौजेसाठी आलेल्या तरुणांचा किंवा सणाच्या परकेपणाचा नव्हता, गर्दीला यजमान नसण्याचा होता.

म्हणून नाशिकमधील हॅलोवीनवर बंदी मागणे जितके अनाठायी, तितकेच बाजारातून आणलेल्या प्लॅस्टिकच्या कवट्यांना सांस्कृतिक देवाणघेवाण म्हणणेही अनाठायी आहे. ज्या शाळेला मुलांना सोंगे द्यायची आहेत, तिने पेठ-सुरगाण्याच्या मुखवटे करणाऱ्या कारागिरांना रीतसर मानधन देऊन बोलवावे, कागदाच्या लगद्यापासून मुखवटा घडवायला शिकवावे आणि प्रत्येक मुलाला आपले सोंग कोणाचे, हे सांगता येईल एवढी माहिती द्यावी. एवढे झाले, तर कार्यक्रम ३१ ऑक्टोबरला होतो की धुलिवंदनाला, हा प्रश्न गौण ठरतो. आणि एवढे होत नसेल, तर तो शिमग्याला केला तरी पोकळच राहील.