दोन ओळींच्या बातमीपलीकडे

बारावीच्या निकालानंतर आमच्या वर्गातल्या एका मुलाने आत्महत्या केली. वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या : नापास झाल्याने नैराश्यातून विद्यार्थ्याची आत्महत्या. आईला वाचता येत नाही, म्हणून ती बातमी मीच तिला वाचून दाखवली. ती म्हणाली, "एवढंच लिहिलंय?" त्याच विषयात राहिलेले आणखी चौघे पुरवणी परीक्षा देऊन पुढे गेले. मग तोच का? हे विचारण्याची गावात सोय नव्हती.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. त्यांत १३,०४४ विद्यार्थी होते. सर्वाधिक नोंद महाराष्ट्राची आहे. या अहवालात प्रत्येक मृत्यू कारणाच्या एकाच रकान्यात बसवलेला असतो. माणसाचे दुःख मात्र एका रकान्यात मावत नाही.

अमेरिकेत हार्वर्डसारख्या विद्यापीठात या विषयाच्या प्रयोगशाळेत पदवीचे विद्यार्थीही सहायक म्हणून काम करतात. आपल्याकडे प्रयोगशाळा म्हटली की ती विज्ञान शाखेची, असा समज आहे. वास्तविक या क्षेत्रातले एक मोठे काम वर्तमानपत्रांवर झाले. व्हिएन्नात भुयारी रेल्वेवरील आत्महत्यांची वर्णने रंगवून छापली जात. १९८७ साली तज्ज्ञांनी पत्रकारांना वार्तांकनाचे नियम सुचवले, बातम्यांचे स्वरूप बदलले आणि त्या आत्महत्या निम्म्याहूनही खाली आल्या.

भारतीय प्रेस कौन्सिलनेही २०१९ मध्ये असे नियम स्वीकारले. आपली मराठी वर्तमानपत्रे ते कितपत पाळतात? 'मृत्यूला कवटाळले', 'जीवनयात्रा संपवली' अशा मथळ्यांतून खचलेल्या वाचकाला काय सुचवले जाते? किती बातम्यांखाली १४४१६ हा 'टेली-मानस'चा मोफत मदत क्रमांक असतो? याची उत्तरे आपल्या ग्रंथालयातील जुन्या अंकांत आहेत. त्यासाठी यंत्रे नकोत; वाचता यावे, मोजता यावे आणि मराठी कळावी. हे काम परदेशी प्रयोगशाळा आपल्यासाठी करणार नाही.

काही प्राध्यापकांना वाटते की, कोवळ्या मुलांनी या विषयाच्या वाटेला जाऊ नये. त्यांची काळजी खोटी नाही. पण आत्महत्येविषयी विचारल्याने कुणाच्या मनात तो विचार नव्याने रुजत नाही, हे संशोधनाने दाखवून दिले आहे. गप्प बसल्याने मात्र माणूस एकटा पडतो. तरीही मर्यादा हव्यात. दुःखात असलेल्या घरी प्रश्नावली घेऊन कुणी जाऊ नये. काम ऐच्छिक असावे, मध्येच सोडण्याची मुभा असावी, आणि जबाबदार प्राध्यापक व समुपदेशक सोबत असावेत.

नव्या अभ्यासक्रमात क्षेत्रीय प्रकल्प आहेच. दरवर्षी त्याच त्या संस्थेला भेट देऊन आपण वीस पाने भरतो आणि ती कपाटात जातात. त्याऐवजी मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि मराठी या विभागांनी मिळून जिल्ह्यातल्या वर्तमानपत्रांच्या एका वर्षाच्या बातम्या अभ्यासाला द्याव्यात, आणि निष्कर्ष संपादकांकडे पाठवावेत.

मित्रहो, आमच्यापैकी अनेकांच्या घरी वर्तमानपत्र वाचणारे पहिले आपणच. आईच्या प्रश्नाचे उत्तर त्या मुलाबरोबर गेले. पण पुढची बातमी कशी लिहिली जावी, हे सांगण्याइतका अभ्यास आपण नक्कीच करू शकतो.