रक्ताबरोबर येणारे लोह

वाचकहो, थॅलेसेमिया असलेल्या नातवाला, किंवा अस्थिमज्जेच्या विकारामुळे वारंवार रक्त घ्यावे लागणाऱ्या आजोबांना घेऊन आपण बिलोलीहून नांदेडला जात असाल, तर रक्ताच्या प्रत्येक पिशवीबरोबर सुमारे 200 ते 250 मिलिग्रॅम लोह शरीरात जाते, हे ध्यानी असू द्यावे. आहारातून आपण दिवसाकाठी जेमतेम 1 ते 2 मिलिग्रॅम शोषतो. अतिरिक्त लोह बाहेर टाकण्याची वाट निसर्गाने ठेवलेली नाही. ते यकृतात, हृदयात, ग्रंथींत साचत जाते.

पूर्वी उपाय एकच होता, डेस्फेरिऑक्झामिन. पोटाच्या त्वचेखाली सुई आणि पंप, रोज आठ-दहा तास, आठवड्यातून पाच-सहा रात्री. किती घरांना हे झेपले असेल! तोंडाने घ्यावयाचे डेफेरिप्रोन भारतात 1990 च्या दशकाच्या मध्यास आले. अमेरिकेने त्यास 2011 मध्ये मान्यता दिली. आता दिवसातून एकदा घेण्याचे डेफेरासिरॉक्सही आहे.

डेफेरिप्रोनमुळे लघवी तांबूस होते, त्यास भिऊ नये. मात्र ताप वा घसादुखी उद्भवल्यास गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे व रक्तातील पांढऱ्या पेशी मोजून घ्याव्यात. उद्यावर ढकलणे जिवावर बेतू शकते. डेफेरासिरॉक्स घेणाऱ्यांचे मूत्रपिंड व यकृत नियमित तपासावे, वृद्धांचे तर काटेकोरपणे.

अशा रुग्णास 'अशक्तपणा' म्हणून लोहाचे टॉनिक मनाने देऊ नये. शेजाऱ्यांचा सल्ला मायेचा असतो, पण फेरिटिनचा अहवाल त्यांनी पाहिलेला नसतो. तो जपून ठेवावा आणि पुढील खेपेस सोबत न्यावा.