दख्खनी लोकरीला निदान कातरणीचा भाव द्या

औंढा नागनाथ तालुक्यातल्या सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यांवर वसमतकडची हळद पोसली जाते. तिला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, वसमतला हळद संशोधन केंद्र उभे राहिले, आणि हे सगळे योग्यच झाले. पण कालव्याचे पाणी जिथे चढत नाही त्या मुरमाड माळांसाठी निसर्गाने घडवलेली दख्खनी मेंढी मात्र आपल्या हिशेबात फक्त मटणापुरती उरली आहे. तिची लोकर विकून कातरणाऱ्याची मजुरीही सुटत नाही, म्हणून राज्यात अनेक ठिकाणी ती कातरली की तिथेच टाकून दिली जाते. माझे म्हणणे एवढेच, की ही लोकर वाया जाऊ देणे म्हणजे हळूहळू ती मेंढीच घालवणे आहे.

लोकरीचा दोष काय, तर ती काळी आणि राठ. मेरिनो या परदेशी मेंढीचा तंतू वीस मायक्रॉनच्या आसपास असतो. दख्खनीचा त्याच्या दुपटीच्या घरात किंवा त्याहून जाड. काळ्या लोकरीवर रंग चढत नाही, म्हणून गिरण्यांना ती नको. एका मेंढीची वर्षाची लोकर जेमतेम अर्धा-पाऊण किलो. यावर उपाय म्हणून गेल्या शतकात मेरिनो आणि रॅम्बुलेचे नर आणून संकर झाले, राहुरीच्या कृषी विद्यापीठातही प्रयोग झाले. लोकर मऊ झाली, पण मेंढपाळांच्या कळपांत तो संकर रुजला नाही. वर्षभर वाटचाल, उन्हाळ्यात बाभळीच्या शेंगा आणि पाल्यावर गुजराण, पावसात उघड्यावर रात्र, एवढे सोसणारे जनावर त्यांना हवे होते. परदेशी मापाने मोजल्यामुळे दख्खनीची लोकर नापास ठरली; तिच्या स्वतःच्या गुणांची मोजदाद आपण केलीच नाही.

त्यानंतर धोरणाचा रोख मटणाकडे वळला. फलटणच्या निंबकर संस्थेने बंगालच्या गरोळ मेंढीतला जुळ्यांचा गुण दख्खनीत आणून 'नारी सुवर्णा' घडवली, आणि ते मोलाचे काम आहे. शासनाची महामेश योजना वीस मेंढ्या आणि एका नराला अनुदान देते. इथेच हमखास आक्षेप येतो: पैसा मटणात असेल तर लोकरीचा मोह कशाला? आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. लोकर विकली न गेली तरी कातरणी चुकत नाही; वाढलेल्या लोकरीत गोचिडी आणि घाण साठते. म्हणजे मेंढपाळाच्या वहीत लोकर हा निव्वळ खर्च होतो आणि पुढची पायरी सरळ आहे: बिनलोकरीचा नर आणायचा. आंध्र-तेलंगणात नेल्लोरी नरांमुळे नेमके हेच झाले. लोकरीचे आवरण गेले की त्याबरोबर पिढ्यान्‌पिढ्या निवडलेला काटकपणाही पातळ होत जातो. कळप मोठा दिसेल, पण कोरडवाहू माळावर टिकणारे रक्त त्यात उरणार नाही.

दुसरा प्रश्न: घोंगडी आता घेतो कोण? पानिपतचे स्वस्त ब्लँकेट बाजारात असताना केवळ घोंगडीवर भिस्त ठेवता येणार नाही, हे मान्य. पिंजणे, कातणे, मागावर विणणे आणि चिंचोक्याची खळ देणे, एवढे श्रम घेणाऱ्या वस्तूला श्रमाएवढे दाम देणारे गिऱ्हाईक थोडेच असणार. कोकराच्या जावळाची घोंगडी तर त्याहून मोजक्यांची. म्हणून उरलेल्या लोकरीला दुसरी वाट हवी. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधल्या हर्डविक या डोंगरी मेंढीची लोकरही अशीच राठ, तिचाही भाव पडलेला. तरी तिथे गालिचे आणि घरांच्या उष्णतारोधक थरांसाठी ती वापरली जाते, आणि युरोपात राठ लोकरीच्या गोळ्या खत म्हणून विकल्या जातात. लोकर म्हणजे केराटिन. त्यात दहा टक्क्यांहून अधिक नत्र असते, गंधक असते, ती सावकाश कुजते आणि ओल धरून ठेवते. शेतात मेंढ्या बसवण्यासाठी शेतकरी आजही मेंढपाळाला पैसे किंवा धान्य देतो, कारण लेंडीची किंमत त्याला ठाऊक आहे. मग लोकर कुजवून तीच हळदीच्या सऱ्यांत घालून पाहायला काय हरकत आहे? तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्राने आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाने दोन-तीन हंगाम हे तपासावे. निकाल चांगला आला नाही तर तसे सांगावे. पण तपासल्याशिवाय कचरा म्हणू नये.

मेंढ्यांमुळे रान उजाड होते, असेही ऐकायला मिळते. चराईचा ताण खरा आहे, आणि तो वाढतो तो गायरानांवर अतिक्रमणे होऊन कळप उरलेल्या तुकड्यांवर दाटतात म्हणून. त्यावर मेंढी कमी करणे हा उपाय नाही, चराईच्या वाटा मोकळ्या ठेवणे हा आहे. लोकरीपुरते बोलायचे तर 1978 मध्ये स्थापन झालेल्या राज्याच्या मेंढी व शेळी विकास महामंडळाने कातरणीच्या हंगामात औंढा, कळमनुरीसारख्या ठिकाणी लोकर जागेवर खरेदी करावी, आणि दर ठरवताना कातरणाऱ्याची मजुरी हा किमान पाया मानावा. 2019 च्या पशुगणनेनुसार राज्यात सुमारे 27 लाख मेंढ्या आहेत. त्यांच्या लोकरीसाठी एवढी तरतूद अर्थसंकल्पाला जड नाही.