मत्स्य संशोधन मानशीपर्यंत यायला हवे

आमोण्याला मांडवी गोड्या पाण्याची नदी वाटते, पण तिथेही तिच्यावर समुद्राचाच अंमल चालतो. भरती-ओहोटी मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आत, पार गांज्यापर्यंत पोचते, हे दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मोजमापांतून कळले आहे. भर पावसात पणजीपाशीसुद्धा वरचे पाणी जवळपास गोडे होते. पाऊस सरला की खारटपणा हळूहळू वर चढत मे महिन्यात सर्वांत आत येतो. आमोण्यावरून खाली जुवे बेट, पिळगाव, नार्वे, दिवाडीकडे जाताना लागणारी खाजने, म्हणजे बांध घालून राखलेली खाडीकाठची सखल शेते, याच चक्रावर उभी आहेत. मत्स्यव्यवसायातल्या संशोधनाचा विषय निघाला की आपल्याकडे समुद्रातले पिंजरे, परदेशी कोळंबी आणि नवे तलाव यांवरच बोलणे होते. माझे म्हणणे असे की, डिचोली-पेडण्यासारख्या खाडीकाठच्या तालुक्यांत संशोधनाचा पैसा आधी खाजनाच्या मानशीवर खर्च व्हायला हवा.

मानस म्हणजे बांधातले दार. भरती चढू लागली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने लाकडी फळ्या आपसूक मिटतात. ओहोटीला आतले पाणी त्या ढकलून बाहेर पडते. त्या वाहत्या पाण्याच्या तोंडाशी, बहुधा रात्री, जाळे लावले जाते आणि सुंगटे म्हणजे कोळंबी, शेवटे, काळुंद्री, कधी एखादी चोणक हाती लागते. पावसाळ्यात याच जमिनीत भात होते, कापणीनंतर कुजणाऱ्या धसकटांवर कोळंबीचे खाद्य पोसले जाते. कोळंबी अंडी घालते समुद्रात. तिची पिल्ले खाडीत येऊन काही महिने वाढतात आणि परत समुद्राकडे निघतात. त्यामुळे मानशीच्या जाळ्याचे डोळे किती बारीक आहेत, यावर खाजनातलीच नव्हे, तर समुद्रातली मासळीही काही प्रमाणात अवलंबून असते. गोव्यात खाजनाचे क्षेत्र साधारण १८ हजार हेक्टर धरले जाते. एवढ्या मोठ्या व्यवस्थेत दार कधी उघडावे आणि जाळे कोणते लावावे, हे मात्र पावणीत, म्हणजे लिलावात, मानस घेणाऱ्याच्या हिशेबावर ठरते.

संशोधन इथे उपयोगी पडते का, या शंकेला भाताने उत्तर दिलेले आहे. जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने खाजनातल्या पारंपरिक कोरगुट भातातूनच निवड करून ‘गोवा धान १’ आणि ‘गोवा धान २’ हे खारे पाणी सोसणारे वाण दिले. बाहेरून बियाणे आणण्याआधी शेतकऱ्याच्या कणगीत काय आहे ते पाहिले, म्हणून ते जमले. मासळीच्या बाबतीत अशी जोड अजून सुटी पडली आहे. चेन्नईच्या ‘सीबा’ या निमखाऱ्या पाण्यातील मत्स्यपालनाच्या केंद्रीय संस्थेने १९९७ मध्ये चोणकीचे, म्हणजे रायगडातल्या जिताड्याचे, बीज बंदिस्त जागेत तयार करून दाखवले. पण ते बीज कोणत्या महिन्यात, किती खारटपणात, भाताला धक्का न लावता सोडायचे, हे चेन्नईत ठरू शकत नाही. ते त्या त्या खाजनातच पारखावे लागेल.

यावर पहिला आक्षेप उत्पन्नाचा. खाजनातली मासळी ती किती. तलाव खोदून दाट कोळंबी वाढवली तर कित्येक पट माल निघेल, असे म्हणतात. निघेल, पण किती वर्षे? १९९४-९५ मध्ये पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने देशातली कोळंबी शेती झोपवली. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने किनारपट्टीवरच्या अशा तलावांवर बंदी घातली आणि पारंपरिक पद्धतीला मोकळीक ठेवली, ती उगाच नव्हे. एका तलावाचे घाण पाणी ओहोटीला बाहेर पडते आणि पुढच्या भरतीला शेजारच्या मानशीशी येते. या नदीत कोणाचेच पाणी फक्त त्याचे राहत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. भात परवडत नाही, मजूर मिळत नाहीत, मग बारा महिने मासळीच का नको? पण बांध टिकतो तो शेतीमुळे. खेकड्यांनी पाडलेली बिळे शेतकरी बुजवतो, कारण त्याचे पीक आत असते. मासळीसाठी मानस उघडी ठेवून खारे पाणी आत साठवले, की पावसाने क्षार धुवून जाण्याची संधी हुकते, शेजारची शेते पडीक होतात आणि मग बांधाकडे बघायला कोणी उरत नाही. केरळने खाजनासारख्याच पोक्काळी शेतात भात आणि कोळंबीचे महिने वेगळे बांधून दिले आहेत आणि व्हिटिलाच्या भात संशोधन केंद्राने त्या शेतीसाठी वाण तयार केले. तिथेही भात मागे हटतो आहे, हे खरे. पण वाद झाला तर बोट ठेवायला निदान तारखा आहेत.

आमोण्याच्या टापूत आणखी एक गोष्ट विचारली जाईल. नदीकाठी खनिजाचे धक्के, बार्जींची ये-जा, कच्च्या लोखंडाचा कारखाना. अशा ठिकाणी मासळीचे संशोधन कसले करता? उलट ते इथेच आधी करावे. तळाला किती गाळ बसतो, त्यात लोहाचे प्रमाण काय, शिंपल्यांत आणि शेवट्यांत काय उतरते, याची नियमित आणि जाहीर नोंद असल्याशिवाय कोणाला दोष देता येत नाही आणि कोणाला निर्दोषही ठरवता येत नाही. जुलै २०१८ मध्ये फॉर्मेलिनच्या भीतीने गोव्यात परराज्यांतली मासळी काही काळ अडवावी लागली. जवळच्या खाडीतल्या मासळीबद्दल खात्रीची माहिती हवी होती, ती तेव्हाच.

किनारी नियमन क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेत खाजने नकाशावर आणून त्यांचा व्यवस्थापन आराखडा करावा, असे म्हटले आहे. त्या आराखड्यात मानशीची पावणी सर्वाधिक बोलीवरच न देता अटींवर द्यावी: जाळ्याच्या डोळ्यांचे माप, खारे पाणी बाहेर काढण्याची शेवटची तारीख आणि दर आठवड्याला खारटपणाची नोंद. खारटपणा मोजायचे उपकरण हातात मावते आणि ते वाचायला एक दिवसात शिकता येते. मत्स्योद्योग खाते, जुन्या गोव्याची संस्था आणि गावातली कूळ संघटना यांनी मिळून पिळगावच्या बाजूची दोन-तीन खाजने निवडली, तर पुढच्या कापणीनंतर ही नोंद सुरू होऊ शकते.